चर्चच्या शाळेतला धर्माचा तास: इंग्लंडमध्ये तो कसा चालतो

इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा कोणत्या ना कोणत्या धर्मसंस्थेशी जोडलेल्या आहेत. त्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत आणि कॅथलिक चर्चच्या शाळाही दोन हजारांच्या घरात आहेत. या शाळांत फी नसते, आणि कित्येक खेड्यांत तर गावातली एकुलती एक प्राथमिक शाळा चर्चचीच असते. त्यामुळे नोकरीनिमित्त पुण्याहून किंवा नाशिकहून इकडे आलेल्या कुटुंबाचे मूल सहजच एखाद्या संताचे नाव लावणाऱ्या शाळेत जाऊ लागते. मग कधीतरी वेळापत्रकात ‘आर. ई.’ (रिलीजस एज्युकेशन, म्हणजे धर्मविषयक शिक्षण) ही अक्षरे दिसतात, आणि रविवारच्या फोनवर आजी-आजोबा काळजीने विचारतात, ‘तिकडे मुलांना ख्रिस्ती करतात का?’

मी अशाच एका माध्यमिक शाळेत हा विषय शिकवते. धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र असे आमच्या वर्गाबाहेरच्या पाटीवर लिहिलेले आहे. आजी-आजोबांचा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. उलट दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या संसदेत याच प्रश्नावर कडाक्याचे वाद झाले होते, आणि आजच्या तासाची घडण समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

या देशात गरिबांच्या शाळा सरकारच्या आधी चर्चने काढल्या. प्रस्थापित चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, तत्त्वांनुसार गरिबांना शिक्षण द्यावे म्हणून १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली. सरकारने शिक्षणासाठी पहिले अनुदान दिले ते १८३३ साली, वीस हजार पौंडांचे, आणि तेही धार्मिक संस्थांच्या हातीच. १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त मंडळांच्या शाळा सुरू झाल्या, तेव्हा पेच उभा राहिला. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, करदात्याच्या पैशातून बॅप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची शिकवण द्यायची का, आणि उलट बॅप्टिस्टांच्या पैशातून अँग्लिकन शिकवण द्यायची का? त्यावर कूपर-टेंपल नावाच्या खासदाराच्या दुरुस्तीने तोडगा निघाला. मंडळाच्या शाळेत बायबल शिकवता येईल, परंतु कोणत्याही एका पंथाची खास प्रश्नोत्तरी किंवा पंथाचे खास सूत्र शिकवता येणार नाही, असे ठरले. आपल्या मुलाला या तासातून बाहेर ठेवण्याचा पालकांचा हक्कही त्याच कायद्यात मान्य झाला. तो आजतागायत कायम आहे.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांपुढे दोन वाटा ठेवल्या. इमारतीच्या खर्चाचा वाटा स्वतः उचलायचा आणि धर्मशिक्षणावरचा ताबा राखायचा, ही एक वाट. या शाळांना ‘व्हॉलंटरी एडेड’ म्हणतात. तेव्हा तो वाटा निम्मा होता, आज साधारण दहा टक्के आहे. दुसरी वाट म्हणजे सारा खर्च सरकारवर सोपवायचा, आणि त्याबरोबर धर्मशिक्षण स्थानिक प्रशासनाने सर्वसंमतीने तयार केलेल्या अभ्यासक्रमानुसार द्यायचे. या शाळांना ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ असे नाव पडले. कॅथलिक चर्चने पहिली वाट धरली, अँग्लिकन शाळा दोन्हींकडे विभागल्या गेल्या. पुढे अकादमी नावाचा तिसरा प्रकार आला. तिथे अशा अटी सरकारशी झालेल्या करारात लिहिलेल्या असतात. पालकांना हा तपशील रुक्ष वाटतो, परंतु आपल्या मुलाच्या वहीत काय उतरणार हे बरेचसे त्यावरच ठरते, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या, दारावर तसाच क्रूस असलेल्या दोन शाळांमध्ये हा तास अगदी वेगवेगळ्या रीतीने चालू शकतो.

१९४४ च्या कायद्यातला शब्द ‘धार्मिक उपदेश’ अशा अर्थाचा होता. १९८८ साली तो बदलून ‘धर्मविषयक शिक्षण’ असा झाला, आणि जे नवे स्थानिक अभ्यासक्रम तयार होतील त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात असे ठरले. ब्रिटनमधल्या धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत हे त्यांत दिसले पाहिजे आणि इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचरण यांचीही दखल घेतली पाहिजे. हा बदल एका रात्रीत झाला नव्हता. १९६७ साली निनियन स्मार्ट यांनी लँकेस्टर विद्यापीठात धर्माच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला होता. धर्म म्हणजे केवळ मतांची यादी नसून कथा, विधी, अनुभव, नीती, समाज अशी अनेक अंगे असलेले जगणे आहे, आणि ते पाहायचे तर स्वतःचे मत थोडा वेळ बाजूला ठेवून समोरच्याच्या जागी उभे राहावे लागते, असे त्यांचे सांगणे होते. दरम्यान लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड यांसारख्या शहरांतल्या वर्गांत शीख, मुसलमान आणि हिंदू मुले बसू लागली होती. शिक्षकांना स्मार्ट यांचे म्हणणे पटले त्यात या बाकांवरच्या मुलांचा मोठा वाटा होता.

आता काळजीच्या मूळ मुद्द्याकडे येते. ख्रिस्ती शाळेत एकाच छपराखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात. पहिली म्हणजे सामूहिक उपासना, जिला मुले नुसते ‘असेंब्ली’ म्हणतात. तिथे प्रार्थना होते, बायबलमधला उतारा वाचला जातो, गीत गायले जाते. ती उपासनाच असते आणि शाळा ते लपवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गातला तास. तिथे प्रार्थना अभ्यासाचा विषय म्हणून येते: ख्रिस्ती लोक प्रार्थना का करतात, सगळे एकसारखी करतात का, मागितलेले मिळाले नाही तर श्रद्धावान माणूस त्याचा अर्थ कसा लावतो. असेंब्लीत मान खाली घालून शांत बसणाऱ्या मुलाला वर्गात, प्रार्थनेने काही साध्य होत नाही असे कारणे देऊन लिहिता येते, आणि त्याचे गुण त्या कारणांवर ठरतात. कायद्याच्या दृष्टीनेही हे दोन वेगळे विषय आहेत. पालक मुलाला एकातून काढून दुसऱ्यात ठेवू शकतात, आणि सोळा वर्षांनंतर शाळेतच पुढे शिकणारे विद्यार्थी उपासनेतून स्वतःच्या निर्णयाने बाहेर राहू शकतात.

वर्गात प्रत्यक्षात काय होते हे एका तासावरून सांगते. चौदा-पंधरा वर्षांची मुले आहेत आणि विषय आहे देवाची आज्ञा आणि नीती यांचे नाते. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रो नावाच्या माणसाला विचारतो की, पवित्र गोष्ट देवांना प्रिय असते ती पवित्र आहे म्हणून, की देवांना प्रिय आहे म्हणूनच ती पवित्र ठरते? मुलांना पहिल्यांदा हा शब्दांचा खेळ वाटतो. मग मी अब्राहामाची कथा सांगते. देवाने त्याला मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगितले, त्याने सुरी उचलली आणि शेवटच्या क्षणी त्याचा हात अडवला गेला. त्यानंतर फळ्यावर एवढाच प्रश्न लिहिते की, हात अडवला गेला नसता तर अब्राहामाने केले ते योग्य ठरले असते का?

या ठिकाणी मला हमखास चिलया बाळ आठवतो. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांच्या दारी अतिथीच्या रूपात शंकर येतात आणि त्यांच्या एकुलत्या मुलाचे मांस मागतात. चांगुणा स्वतःच्या हाताने बाळाचे शिर उखळात घालून कांडते. माझी आजी ही कथा श्रावणात सांगायची, आणि त्या प्रसंगाशी आली की तिचा आवाज बदलायचा. इसहाकाच्या कथेत सुरी हवेतच थांबते. चिलयाच्या कथेत मूल खरोखर मारले जाते आणि नंतर जिवंत होऊन हाकेला धावत येते. मी दोन्ही कथा वर्गात शेजारी शेजारी ठेवते. एकदा एका मुलीने विचारले, ‘मिस, पण बाळाला कोणी विचारले का?’ डेन्मार्कच्या किर्केगॉर्द यांनी १८४३ साली अब्राहामावर एक आख्खे पुस्तक लिहिले. श्रद्धेच्या टोकाला पोचलेल्या माणसाला नीतीचा सार्वत्रिक नियम ओलांडावा लागतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्या मुलीने पुस्तकाचे नावही ऐकलेले नव्हते, तरी बळी जाणाऱ्याच्या बाजूने तिने विचारलेल्या प्रश्नापाशी त्या दिवशीचा आमचा सगळा तास थांबला.

या तासाला चर्चचा आक्षेप का नसतो, असे मला पुष्कळदा विचारतात. याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेतच आहे. या परंपरेने स्वतःला हे प्रश्न विचारलेले आहेत. देव कशातही मनमानी करत नाही, त्याचा स्वभावच चांगुलपणा आहे आणि म्हणून त्याच्या आज्ञा त्या स्वभावातून निघतात, असे उत्तर ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी दिले. त्या उत्तरावर पुढे आक्षेप आले आणि आक्षेपांना पुन्हा उत्तरे आली. अकराव्या शतकात अँसेल्म यांनी देवाच्या केवळ कल्पनेवरून त्याचे अस्तित्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो खोडून काढणारा गाउनिलो हाही एक ख्रिस्ती साधूच होता. सर्वांत परिपूर्ण बेटाची कल्पना मी करू शकतो, म्हणून ते बेट अस्तित्वात आहे असे म्हणायचे का, हा त्याचा प्रतिवाद सतरा वर्षांच्या मुलांना आजही आवडतो.

वाईटाचा प्रश्न या विषयातला मला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याला मी ठरवूनच जास्त वेळ देते. मांडणी सोपी आहे. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, आणि जगात दुःख आहे. ही तीन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतील? जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली हा प्रश्न तर्कशास्त्राच्या कसोटीवर अगदी नेमका मांडला. पाठ्यपुस्तकांत उदाहरण असते लिस्बनचे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये उपासनेला जमलेले, आणि भूकंपाने शहर कोसळले. सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी हे घडले म्हणून युरोपातले विचारवंत हादरून गेले.

मी लिस्बननंतर किल्लारी सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेले लोक गाढ झोपलेले, आणि चारच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. हजारो माणसे गेली. मी तेव्हा सोलापुरात शाळकरी मुलगी होते. मांडणीवरची भांडी खडखडू लागली आणि आईने आम्हा भावंडांना हाताला धरून अंगणात ओढले, हे मला स्पष्ट आठवते. हे सांगितले की वर्ग गप्प होतो, कारण दोन-अडीच शतकांच्या अंतराने, वेगवेगळ्या देवांच्या सणाला जोडून, घडले ते एकच होते. मग उत्तरे तपासायला घेतो. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे आणि वाईट त्याच्या गैरवापरातून येते, हे ऑगस्टीन यांच्या परंपरेतले उत्तर खुनाला आणि युद्धाला लागू पडते, परंतु जमिनीखालच्या खडकाला इच्छा नसते. जॉन हिक यांनी १९६६ साली मांडले की, हे जग माणसाचा आत्मा घडवण्याची जागा आहे आणि खडतरपणावाचून धैर्य किंवा करुणा निर्माणच होणार नाही. त्यावर मुले विचारतात की, जे मूल झोपेतच गेले त्याचा आत्मा कधी घडला? वर्गात हिंदू विद्यार्थी असेल तर तो कर्माचे उत्तर देतो. मीही त्याच घरातून आले आहे, म्हणून ते उत्तर मी आदराने फळ्यावर लिहिते आणि त्यालाही तेवढ्याच कठोरपणे प्रश्न विचारते: ज्याची स्मृती उरलेली नाही अशा मागच्या जन्माचा हिशेब या जन्मीच्या बालकाने चुकवावा, यात न्याय कुठे दिसतो? कर्मसिद्धांताकडे त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेही लिहून घेतो.

शेवटी आम्ही बायबलमधला ईयोब वाचतो. त्याची मुले जातात, संपत्ती जाते, अंगावर फोड येतात. मित्र समजूत घालतात की, तू काहीतरी पाप केले असशील. पुस्तकाच्या अखेरीस देव ईयोबाला कारण सांगत नाहीच, परंतु कारणे सांगणाऱ्या त्या मित्रांवर मात्र तो रागावतो. दुःखी माणसापुढे सिद्धांत वाचून दाखवणाऱ्यांना धर्मग्रंथातच दोष दिलेला आहे, हे ख्रिस्ती घरांतल्या मुलांनाही बहुधा नवीन असते.

नीतिशास्त्राच्या भागात पद्धत थोडी बदलते, कारण तिथे चर्चची भूमिका निश्चित असते आणि शिक्षकाने ती नेमकी सांगावी अशी अपेक्षा असते. दयामरणाचे उदाहरण घेऊ. माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला म्हणून त्याचे जीवन पवित्र आहे, हा पाया झाला. थॉमस अक्वायनस यांच्या नैसर्गिक नियमाच्या विचारात जीवनाचे रक्षण हे मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. परंतु त्याच परंपरेत एक बारकावा आहे: असह्य वेदना शमवण्यासाठी औषध दिले आणि त्याने आयुष्य काहीसे कमी झाले, तर हेतू वेदना शमवण्याचा असल्यामुळे ते कृत्य हत्या ठरत नाही. याच्या समोर बेंथम यांचा उपयुक्ततावाद येतो, जो सुख आणि दुःख यांची बेरीज-वजाबाकी मांडतो. तिसरीकडे जोसेफ फ्लेचर १९६६ साली म्हणाले की, निरपेक्ष प्रेम हा एकच नियम अढळ आहे आणि बाकी सगळे प्रसंग पाहून ठरवावे. फ्लेचर स्वतः अँग्लिकन परंपरेतले धर्मगुरू होते, म्हणजे हा वादही घरातलाच आहे.

या तासाला मी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकेची हकिकत सांगते. १९७३ साली तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यानंतर ती चार दशके अंथरुणावर होती. सर्वोच्च न्यायालयापुढे तिला मरू द्यावे अशी याचिका आली आणि २०११ साली त्या याचिकेचा निकाल लागला. न्यायालयाने काही कठोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, परंतु तिच्या बाबतीत परवानगी दिली नाही, आणि त्याचे एक मोठे कारण असे की, तिची सेवा करणाऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांना तिला जपायचे होते. २०१५ साली ती गेली. मुलांना मी विचारते की, फ्लेचर यांचे निरपेक्ष प्रेम इथे कोणाच्या बाजूने उभे राहिले असते? याचिका करणारीच्या, की रोज सकाळी तिला आंघोळ घालणाऱ्या परिचारिकांच्या? तयार सिद्धांत घेऊन आलेला विद्यार्थी या ठिकाणी अडखळतो, आणि तो अडखळावा असे मला मनापासून वाटते.

परीक्षेत याचे काय होते? सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत, २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमानुसार, किमान दोन धर्मांचा अभ्यास करावा लागतो. निम्मे गुण माहितीचे असतात आणि निम्मे विश्लेषण व मूल्यमापनाचे. एका प्रमुख परीक्षा मंडळाच्या पत्रिकेत प्रत्येक घटकाच्या शेवटी बारा गुणांचा प्रश्न असतो. त्यात एक ठाम विधान दिलेले असते आणि त्याच्या बाजूचे व विरोधी युक्तिवाद करून समर्थनीय निष्कर्ष काढायचा असतो. ‘युद्ध कधीच योग्य नसते असे मला वाटते, कारण माणसे मरतात’ एवढे लिहिणाऱ्याला फारसे काही मिळत नाही. ‘क्वेकर ख्रिस्ती येशूच्या शिकवणुकीवरून सर्व युद्ध नाकारतात, परंतु न्याय्य युद्धाच्या सिद्धांतानुसार दुर्बळांचे रक्षण हे कर्तव्य ठरू शकते, यांतला पहिला युक्तिवाद मला अधिक बळकट वाटतो, कारण…’ असे लिहिणारा पुढे जातो. त्या ‘कारण’ शब्दानंतर काय येते हेच मी वर्षभर तपासत असते. विद्यार्थ्याचा निष्कर्ष चर्चच्या बाजूचा आहे की विरुद्ध, यावर परीक्षकाने गुण ठरवायचे नसतात.

दोन धर्मांपैकी दुसरा कोणता, हेही शाळेच्या स्वरूपावर अवलंबून असते. कॅथलिक शाळांना त्यांच्या बिशपांनी दुसरा धर्म म्हणून यहुदी धर्म घ्यायला सांगितले आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांमध्ये निवड मोकळी असते, आणि अनेक ठिकाणी इस्लाम निवडला जातो. हिंदू धर्माचा पर्याय उपलब्ध आहे, पण तो सर्वत्र शिकवला जात नाही. खालच्या इयत्तांत मात्र हिंदू धर्माचे काही धडे बहुतेक ठिकाणी येतात, आणि तिथे आपल्या मुलांची एक निराळीच अडचण होते.

एका वर्षी तेरा वर्षांचा एक मराठी मुलगा माझ्या वर्गात होता. पुस्तकात त्रिमूर्तीचे चित्र होते: ब्रह्मा निर्माता, विष्णू पालनकर्ता, शिव संहारक. त्याने हात वर केला आणि म्हणाला, ‘आमच्या घरी ब्रह्मदेव नाहीच आहे. आमच्या घरी विठोबा आहे, आणि आजोबा वारीला जातात.’ पुस्तकातले विधान चुकीचे नव्हते आणि मुलाचेही खरे होते. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर पंढरपूरचा नकाशा काढला. परंतु अशा मुलाला त्याच्या साऱ्या धर्माचा प्रवक्ता करून, ‘हिंदू काय मानतात ते तू सांग’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते, आणि ही चूक चांगल्या हेतूने पुष्कळ शिक्षक करतात. ख्रिस्ती मुलांच्या बाबतीतही तसेच आहे. माझ्या वर्गातल्या केरळच्या घरातली मुलगी आपली परंपरा प्रेषित थॉमसपासून मोजते, नायजेरियातून आलेल्या मुलाच्या चर्चमध्ये चार-चार तास गाणे चालते, आणि इंग्लिश मुलांपैकी पुष्कळांनी लग्न किंवा अंत्यविधीखेरीज चर्च आतून पाहिलेलेच नसते. ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ हे वाक्य मी वहीत तसेच राहू देत नाही, ‘कोणते ख्रिस्ती?’ असे लाल शाईने समासात लिहिते.

तुलनेचा मोह सर्वांत जास्त दोन ठिकाणी होतो. मुले त्रिमूर्ती आणि ख्रिस्ती त्रैक्य यांना एकच समजतात, आणि येशूला अवतार म्हणतात. त्रिमूर्तीत तीन देवतांची तीन कार्ये आहेत; त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे आणि कामांची तशी वाटणी नाही. अवतार अनेक होतात, पुन्हा होऊ शकतात. देहधारण एकदाच झाले, आणि ज्याने देह धारण केला तो भूक, भीती आणि मृत्यू यांसह पूर्ण माणूस होता, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. शब्दांची ही ओढाताण आपल्या भाषेला जुनी आहे. विल्टशरमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली रायतूरला त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. हजारो मराठी ओव्यांत त्यांनी बायबलची कथा सांगितली आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरला. तो शब्द ऐकताच श्रोत्याला घरचे वाटले असणार, आणि त्याच वेळी शब्दाबरोबर विष्णूही मनात आला असणार. इंग्लंडमधल्या एका मुलाने चारशे वर्षांपूर्वी मराठीत जी कसरत केली, तीच उलट दिशेने मी रोज करते, म्हणून त्यांच्याविषयी मला फार जवळीक वाटते.

या व्यवस्थेत दोष आहेत. एडेड शाळेत या विषयाची तपासणी सरकारी निरीक्षकांऐवजी त्या त्या चर्चने नेमलेले निरीक्षक करतात. हे मला बरोबर वाटत नाही, कारण स्वतःच्या श्रद्धेविषयीचा अभ्यास किती खुला आहे हे तपासायला बाहेरचीही नजर हवी. प्रवेशासाठी काही शाळा चर्चमधली उपस्थिती पाहतात, आणि मग जागा मिळेपर्यंत दर रविवारी चर्चमध्ये दिसणारी कुटुंबे तयार होतात. त्यात मुलांना श्रद्धेपेक्षा दिखाऊपणाचाच धडा मिळतो. निधर्मी विचारांना किती जागा द्यायची, हा वाद २०१५ साली उच्च न्यायालयात गेला होता, आणि धर्माबरोबर निधर्मी जीवनदृष्टींचाही आदर राखूनच हा विषय शिकवला पाहिजे, असा निकाल आला. मात्र एक गोष्ट या शाळांच्या बाजूने सांगितली पाहिजे. चर्चच्या शाळेत या विषयाला वेळ मिळतो. कॅथलिक शाळांत एकूण अध्यापनाच्या दहा टक्के वेळ याला द्यावा लागतो आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांनी किमान पाच टक्के द्यावा अशी अपेक्षा असते. धर्माशी संबंध नसलेल्या कित्येक शाळांत कायदा असूनही हा तास हळूहळू आक्रसत गेला आहे. जिथे धर्माला महत्त्व आहे तिथेच त्याला प्रश्न विचारायला सवड मिळते, हे मी येथे येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती शाळांशी याची तुलना करताना राज्यघटनेची चौकट लक्षात घ्यावी लागते. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई केली, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीवाचून, अशा शिक्षणात ओढता येणार नाही असे सांगितले. त्यातून एक रूढ पद्धत पडली. एकाच तासाला ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात जातात आणि बाकीची मुले ‘मॉरल सायन्स’ला बसतात. ही व्यवस्था सर्वांची श्रद्धा जपते, आणि त्यामागचा विवेक मला मान्य आहे. परंतु तिच्यात ख्रिस्ती मुलगा शेजारच्या मुलाचा धर्म अभ्यासत नाही, आणि शेजारचा मुलगा दहा वर्षे त्या शाळेत काढूनही ती शाळा कशावर श्रद्धा ठेवते हे न शिकता बाहेर पडतो. धर्मांविषयी माहिती देणारे शिक्षण घटनेच्या विरुद्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केलेले आहे. म्हणजे कायद्याची वाट बंद नाही. तसा तास घेण्याची तयारी असलेले शिक्षक मात्र घडवावे लागतील.

इंग्लंडमध्ये मुलासाठी चर्चची शाळा पाहायला जाणाऱ्या पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. शाळा एडेड आहे, कंट्रोल्ड आहे की अकादमी, आणि हा विषय कोणत्या अभ्यासक्रमानुसार शिकवला जातो? जीसीएसईला तो सर्वांना सक्तीचा आहे की ऐच्छिक, आणि दुसरा धर्म कोणता? ख्रिस्ती नसलेली मुले असेंब्लीत काय करतात? आणि शेवटी विषयाच्या शिक्षकाला भेटून, गेल्या महिन्यात तुमच्या वर्गात कोणत्या प्रश्नावर वाद झाला, असे विचारावे. शिक्षक त्या प्रश्नाविषयी बोलू लागला तर त्याला मध्ये थांबवू नये. मुलाला तासातून काढायचेच असेल तर त्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र पुरते आणि कारण लिहिण्याचे बंधन नाही; ते पत्र लिहिण्याआधी मात्र मुलाची वही एकदा उघडून पाहावी.